मागच्या सीटवर कोण बसणार?

मित्रांनो, माझं वय अवघं अडीच वर्षांचं, तरी अंधेरीच्या शोरूममध्ये सगळे मला ‘जुनी’ म्हणूनच ओळखायचे. बाकीच्या गाड्या यायच्या, हार घालून घरी जायच्या. मी तिथेच असायचे. मी विजेवर चालणारी गाडी, आणि माझं काम टेस्ट ड्राइव्हचं. लोकांनी मला चालवून बघायचं आणि माझ्यासारखी दुसरीच घरी न्यायची.

कारखान्यात माझ्या पोटाखाली सपाट आणि भलतीच जड बॅटरी बसवली. ते वजन पेलायला हवं म्हणून माझ्या स्प्रिंगा ताठ ठेवल्या. मी ऐटबाज दिसावी म्हणून चाकं मोठी दिली. चाक मोठं झालं की त्याच्याभोवतीचा रबराचा थर पातळ राहतो आणि धक्के कमी झेलतो. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. शोरूमच्या काचेत स्वतःला बघून मी खूश असायचे.

मला सांभाळायचा चैतन्य. मुलुंडचा राहणारा, विक्री विभागातला, तिशीतला पोरगा. रोज सकाळी येऊन तो माझी काच पुसायचा आणि टायरमधली हवा बघायचा. चार्जिंग जास्त पुरावं म्हणून हवा जरा चढीच ठेवायची, असा मॅनेजरांचा हुकूम होता. आमचा रस्ताही ठरलेला. हायवेवर चढायचं, पुलावरून सुसाट जायचं, पुढून वळून परत यायचं. लोक म्हणायचे, “अरे, आवाजच नाही हिला.” कोणी स्क्रीनवर बोटं फिरवायचं, कोणी एका चार्जमध्ये किती जाते ते विचारायचं. मागच्या सीटवर फारसं कोणी बसत नसे. तिथे माहितीपत्रकांचा गठ्ठा, पाण्याच्या बाटल्या आणि चैतन्यची छत्री असायची.

एकदा चैतन्य मला धुवायला नेत असताना वाट बदलावी लागली. नेहमीचा रस्ता बंद होता, आणि ही वाट खड्ड्यांनी भरलेली होती. पुढे बसलेल्या त्याला फक्त हिसके बसले. मागे मात्र बाटल्या उडून छताला लागल्या आणि गठ्ठा विखरून खाली पडला. चैतन्यने आरशातून मागे पाहिलं आणि ओठ चावला. मग गठ्ठा गोळा करून पुन्हा तिथेच ठेवला. मला मात्र त्या दिवशी कळलं, की मी पुढच्यांसाठी एक गाडी आहे आणि मागच्यांसाठी दुसरीच.

तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता राहिली नाही. दारात एखादं कुटुंब आलं आणि त्यात कोणी काठी टेकत येताना दिसलं, की मला धास्ती वाटायची. टेस्ट ड्राइव्हच्या गाड्याही शेवटी कोणीतरी घेऊन जातं. आपल्यालाही एक घर मिळावं, एका इमारतीखाली हक्काची जागा मिळावी, असं मला फार वाटे. पण ते घर कोणाचं असेल, या विचाराने घाबरायलाही होई.

अशात एका रविवारी श्रुतिका सलसकर तिच्या वडिलांना घेऊन आली. श्रुतिका एका तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. दोघं मरोळच्या एका आतल्या गल्लीत राहत. वडील नंदकुमार मूळचे मालवणकडचे, पण सारा जन्म मुंबईत गेलेला. घाटकोपरच्या एका हॉलमध्ये ते मुलांना कॅरम शिकवायचे. गेल्या साली जिन्यावरून पाय घसरला, मणक्याचं ऑपरेशन झालं, पाठीत स्क्रू बसले. त्यानंतर ते घरातच अडकले. व्यायाम करून घेण्यासाठी इस्पितळात जायचं म्हटलं तर रिक्षाचे धक्के सोसवत नसत. ते जाणं टाळायला लागले. व्यायाम चुकला की पाठ आखडे, आणि पाठ आखडली की पुढची खेपही चुके. डॉक्टरांनी श्रुतिकाला बजावलं होतं, हे असंच चाललं तर ते अंथरुणाला खिळतील. म्हणून तिने गाडी घ्यायचं मनावर घेतलं होतं.

नंदकुमार कमरेला पट्टा बांधून, हळूहळू माझ्या मागच्या सीटवर बसले.

“पुढे बसा ना काका,” चैतन्य म्हणाला.

“ड्रायव्हर पुढे, शेठ मागे,” ते म्हणाले. “आमका मागेच बरा. पाय पसरूक गावतत.”

पण माझ्या आतला तळ सपाट आणि उंच. खाली बॅटरी ना. त्यामुळे बसल्यावर त्यांचे गुडघे वर आले, मांड्या सीटवरून उचलल्या गेल्या आणि सगळा भार माकडहाडावर गेला. त्यांची कंबर माझ्या मागच्या चाकांच्या अगदी वर आली. माझ्या अंगातला सगळ्यात कडक भाग तोच.

श्रुतिकाने स्टिअरिंग धरलं, चैतन्य तिच्या शेजारी बसला, आणि हायवेवर मी नेहमीसारखी धावले. नंदकुमार अखंड बोलत होते. मेट्रोचे खांब, फलकांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका, त्यांच्या हाताखालचा एक पोरगा कसा उलट्या हाताने सोंगटी काढतो, सगळं. श्रुतिका गाडी चालवता चालवता हसत होती. “झकास आहे रे ही,” ती चैतन्यला म्हणाली. “मला वाटतं हीच घ्यावी.” हे ऐकून मला आनंद झाला, आणि लगेच भीतीही वाटली.

मग ती म्हणाली, “पण एकदा आमच्या घराकडच्या रस्त्याने घेऊ या ना. रोज तिथूनच जायचंय.”

चैतन्य घुटमळला. “मॅडम, आमचा रूट ठरलेला असतो.”

“पाईप टाकायला खणलाय तो. खड्डे आहेत, पेव्हर ब्लॉक उखडलेत. तिथे कशी चालते ते नको का बघायला?”

चैतन्यने मागे वळून पट्टा बांधलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग मान हलवली. मनात मी ओरडत होते, की आधी त्यांना पुढे बसवा. पण गाडीला हॉर्न असतो, वाचा नसते.

गल्ली सुरू झाली. पहिल्या खड्ड्याला माझं पुढचं चाक नीट उतरलं, मागचं आपटलं. स्प्रिंग दबायच्या आधीच सगळा हिसका वर गेला. चढ्या हवेचे टायर चेंडूसारखे उसळत होते. त्यात श्रुतिकाने पॅडलवरून पाय उचलला की मी आपोआप ब्रेक लागल्यासारखी अडखळायचे. या गाड्यांची ती खोडच असते. त्यामुळे दर वेळी मागच्या माणसाचं डोकं पुढे जाऊन मागे येई. नंदकुमारांनी दाराच्या वर छताला असलेली कडी पकडली. त्यांचं वजन कडीला लोंबकळलेलं मला कळत होतं. ते स्वतःला सीटपासून उचलून धरत होते.

थोड्या वेळाने श्रुतिकाच्या लक्षात आलं. “बाबा, गप्प का झालात?”

“काय नाय गो. रस्तो बघतंय.”

“लागतंय का?”

“छे. बरी आसा गाडी.”

तिने विश्वास ठेवला. चैतन्य खिडकीबाहेर बघत राहिला. पुढे वळणावर पाणी साचलं होतं. त्याखाली खड्डा किती आहे ते तिला दिसलं नाही, आणि मलाही नाही. मी दाणकन उतरले. मागून एक बारीकसा आवाज आला. मोठ्याने ओरडल्याचा नाही, श्वास मध्येच अडकल्याचा.

श्रुतिकाने गाडी थांबवली आणि धावत मागचं दार उघडलं. नंदकुमारांचा चेहरा पांढरा पडला होता. “डाव्या पायाक मुंग्या येतत,” ते म्हणाले, “बोटां कळणत नाय माका.”

तिने त्यांच्या पाठीला हाताचा आधार दिला. मग तिने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, पाठ वाकू देऊ नका, अर्धवट आडवं बसवा, सावकाश इकडे आणा. अँब्युलन्स मागवली तर ती कधी पोचेल ते सांगता येत नव्हतं, आणि तिलाही याच गल्लीतून यायचं होतं. म्हणजे ज्या गाडीने त्यांना दुखावलं, तिनेच त्यांना न्यायचं होतं. मित्रांनो, तेव्हा माझी जी अवस्था झाली ती मला नीट सांगता येत नाही.

चैतन्य म्हणाला, “मॅडम, काकांना पुढे घेऊ. पुढची सीट चाकांच्या मध्ये येते, तिथे धक्का कमी. आणि मला दोन मिनिटं द्या.” त्याने डिकीतून हवा मोजायचं मीटर काढलं आणि चारी टायरमधली जादा हवा सोडली, कंपनीने दाराच्या पट्टीवर छापली होती तेवढ्यावर आणली. मग दोघांनी मिळून नंदकुमारांना धरून पुढे आणलं, सीट मागे कलती केली, मांड्यांखाली श्रुतिकाची ओढणी घडी करून सरकवली. चैतन्यने आपोआप अडखळायची ती सोय बंद केली आणि स्टिअरिंग हातात घेतलं. श्रुतिका मागे बसली, वडील बसले होते तिथेच.

चालत्या माणसाच्या वेगाने आम्ही निघालो. चैतन्य एकेक चाक खड्ड्यात तिरकं उतरवत होता. मी अंग चोरून घेत होते, जमेल तेवढं. पुढे धक्के निम्म्याने कमी झाले होते. पण मागे अजूनही बसत होते, आणि आता ते श्रुतिकाला बसत होते. तिसऱ्या हिसक्याला तिने वर हात नेऊन कडी पकडली. तिचा चेहरा मला आरशात दिसला. तिला समजलं होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “हे असं लागत होतं आणि तुम्ही म्हणालात बरी आहे?”

नंदकुमारांनी डोळे उघडले नाहीत. “आरशात तुझा तोंड दिसत होता गो. कितक्या दिवसांनी हसत होतंस.”

तिने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. चैतन्य म्हणाला, “मॅडम, मागची सीट कडक आहे हिची. मला माहीत होतं. मी बोलायला हवं होतं.”

“हो,” श्रुतिका म्हणाली. “बोलायला हवं होतं.”

इस्पितळाच्या आवारात मी उभी राहिले. त्यांना चाकाच्या खुर्चीतून आत नेलं. चैतन्यचा फोन सारखा वाजत होता. गाडी कुठे नेलीस, असं मॅनेजर विचारत होते. त्याने घडलं ते सगळं सांगितलं, त्यांची बोलणी ऐकून घेतली आणि कट्ट्यावर बसून राहिला. त्याच्यासारखीच मीही दाराकडे बघत होते. स्क्रू हलला असेल का? तो माणूस पुन्हा चालेल का? दार उघडायचं, कोणीतरी भलतंच बाहेर यायचं. ऊन माझ्या टपावरून उतरून भिंतीवर गेलं, तेव्हा श्रुतिका आली.

“स्क्रू जागेवर आहेत,” ती म्हणाली. “स्नायू आखडलेत. बोटं हलवतायत आता.” एवढं बोलून ती माझ्या बॉनेटला टेकली आणि तिने तोंडावर ओढणी धरली. चैतन्यने पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली.

काही आठवड्यांनी ती दोघं पुन्हा शोरूममध्ये आली. मला वाटलं होतं, आता ती इथे पाऊलही टाकणार नाहीत. पण श्रुतिका चैतन्यलाच शोधत होती. “आता तू खरं सांगशील, म्हणून आले,” ती म्हणाली.

चैतन्यने दुसरी गाडी काढली. दिसायला साधी, चाकं लहान, टायर गुबगुबीत, स्प्रिंगा मऊ. हायवेवर जायचं नावच नाही, थेट त्यांची गल्ली. आधी श्रुतिका स्वतः मागे बसून एक फेरी करून आली. मग नंदकुमार पुढे बसले. तिने त्यांना बजावलं, “बाबा, तुम्ही बोलत राहायचं. गप्प झालात की मी गाडी थांबवणार आणि ही गाडी घेणार नाही.”

मी आवारात उभी राहून वाट बघत होते. ती गाडी परत आली, दार उघडलं, आणि आधी नंदकुमारांचा आवाजच बाहेर आला. घाटकोपरच्या कुठल्याशा पंचाचं चुकलं कसं ते सांगत होते. “गाडी धक्के देता,” ते चैतन्यला म्हणाले, “खोटा कित्याक सांगू? पण हे पाठीक सोसतत.” त्यांनी तीच घेतली. मला कोणी घेतलं नाही याचं वाईट वाटलं, मित्रांनो. तरी त्या दिवशी मला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

पुढे मलाही घर मिळालं. बोरिवलीच्या श्वेताताई मला घेऊन गेल्या. त्या एकट्याच, आणि त्यांचा ऑफिसचा रस्ता सगळा काँक्रीटचा. माझी मागची सीट रिकामी असते. त्या मला जपतात, मी त्यांना जपते. परवा मात्र त्या फोनवर बोलताना ऐकलं. त्यांची आई कायमची राहायला येतेय. तिच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. ताई तिला आनंदाने म्हणाल्या, “तू काळजी करू नकोस गं, माझ्याकडे गाडी आहे ना. मागे मस्त पाय पसरून बस.”

तेव्हापासून मला चैन नाही. मी हे कोणाला सांगू?

म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुमच्या घरी गाडी येणार असेल, तर तिला नुसतं गुळगुळीत रस्त्यावर चालवून बघू नका. तुमच्या रोजच्या वाईट रस्त्यावर न्या. हवा किती भरली आहे ते आधी विचारा. चालवणाऱ्याने एकदा तरी मागे बसावं, आणि घरात ज्याचं अंग सगळ्यात नाजूक आहे त्याने कौल द्यावा. आणि ते माणूस म्हणालं, “काही नाही, बरी आहे,” तर तेवढ्यावर थांबू नका. गाडी बाजूला घ्या, मागे वळा, त्याच्याकडे नीट बघा आणि पुन्हा एकदा विचारा. मला ते विचारता येत नाही. तुम्हाला येतं.