कमानीची निवडणूक पाहिलेला टँकर

मी एक जुना पाण्याचा टँकर आहे, मित्रांनो. माझा मूळ रंग निळा. आता तो शोधायचा असेल, तर मडगार्डच्या आत डोकावावं लागेल. सांगलीतल्या एका शेडमध्ये पत्रे वळवून माझी टाकी बनवली. तिथल्या मिस्त्रींनी पहिल्यांदा पाणी भरून पाहिलं, तेव्हा एक थेंबही गळला नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

माझी पहिली नोकरी कोयनानगरकडे, घाटातल्या रस्त्याच्या कामावर होती. शेजारी एवढं मोठं धरण आणि मी आपला रस्त्यावर पाणी शिंपडत हिंडायचो. माझ्याकडे ढुंकून पाहायलाही कुणाला सवड नव्हती. मग मला जत तालुक्यात पाठवलं आणि माझं नशीब उघडलं. हिरेमाळ गावात मी पहिल्यांदा शिरलो, तेव्हा बायकांनी माझ्या बॉनेटला हळदकुंकू लावलं. तिथल्या लोकांच्या तोंडात मराठी आणि कन्नड एकत्रच नांदतात. लांबून माझा हॉर्न ऐकला की, "नीरू बंतू, पाणी आलं!" असं एका दमात ओरडतात. दोन्ही भाषांत माझंच स्वागत व्हायचं, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

माझ्या येण्याआधी घागरींची रांग लागते. घागर ठेवली की नंबर लागला, बाई नसली तरी चालतं. भरलेली घागर डोक्यावर चढवायला मागची बाई पुढचीला हात देते. त्या रांगेत धोंडुबाई असायच्या. मेंढरांमागं आयुष्य गेलेली, काटक बाई. पण गेल्या उन्हाळ्यात भरली घागर घेऊन त्या माझ्या चाकाशीच घसरल्या आणि त्यांचा उजवा हात मोडला. हाड जुळलं, पण हातात पहिली ताकद आली नाही.

त्यांची सून पल्लवी विट्याकडची, शिकलेली. त्या दिवशी सासूला उचलताना तिनं, मी जिथं पाणी भरतो त्या तळ्यापासून गावापर्यंत पाइपलाइन आणायची मनाशी ठरवली आणि गावची निवडणूक लागताच सरपंचपदाला उभी राहिली. मला वाटलं, झालं, आता ही निवडून येणार आणि मी घरी बसणार. जरा वाईट वाटलं, पण धोंडुबाईंचा हात आठवला आणि तेही गेलं.

पण झालं भलतंच. बिरोबाच्या देवळापुढं नवी कमान व्हायची होती. देवळाच्या दारावर जुनी कन्नड अक्षरं आहेत. कमानीवर कन्नड घालायचं की मराठी, यावरून गावात जुंपली. तुम्ही म्हणाल, दोन्ही घालावं. मलाही तेच सुचलं होतं. पण तसं जो म्हणे, त्याच्यावर दोन्हीकडचे तुटून पडत. पल्लवीच्या विरोधात राजवर्धन उभा होता. त्याला स्वतःला कन्नडचं एक अक्षर येत नाही. पण त्यानं बायकांना देवळात जमवलं. जो कन्नड राखील त्यालाच मत, म्हणून भंडारा उचलायला लावला. बिरोबाची हळद हातात घेऊन दिलेला शब्द या भागात कुणी मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ घागरींच्या दोन रांगा लागल्या. पाणी एकाच तोटीचं, पण या रांगेतली बाई त्या रांगेतलीच्या घागरीला हात लावेना. मी चक्रावून गेलो. माझा चालक बिराप्पा गावच्या पाणीवाल्याला, गुंडाला म्हणाला, "टँकर चार दिस बंद ऱ्हाऊ दे, मग बघ पाण्याला मतं पडत्यात का न्हाई. ह्यो येतोय, म्हणून कमान सुचतीया रं." तो हसला. मला मात्र ते लागलं. मी लोकांची तहान भागवत होतो की तिचा विसर पाडत होतो?

एकदा पल्लवी माझ्या पायरीवर चढून बोलली. कुणीतरी कमानीचं विचारलं. ती म्हणाली, "अक्षरं कुठलीबी घाला, आधी पाइप घाला." लोक खो खो हसले. मीही मनातल्या मनात हसलो. फक्त धोंडुबाई हसल्या नाहीत.

थोडक्या मतांनी पल्लवी पडली. निकालानंतर मी गावात गेलो, तेव्हा दोघी सासू-सुना तोटीशी उभ्या होत्या. पल्लवी रागावलेली नव्हती, तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

"आत्ती, खरं सांगा. तुमचं मत कुणाला गेलं?"

"राजवर्धनला." धोंडुबाईंनी घागरीवरची नजर हलवली नाही. "भंडारा उचलला हुता म्या."

"तुमचा हात मोडला म्हणून तर मी उभी राहिले, आत्ती."

"ठावं हाय मला. घागर पेलत न्हाई आता, ते बी ठावं हाय. पर माझी आय त्या देवळात कन्नडात गानी म्हनायची. ती अक्षरं मला वाचाय येत न्हाईत. दिसली की आय हाय असं वाटतंय. आन् तू म्हनालीस, कुठलीबी घाला."

"ते मी सहज बोलून गेले. मी काय ती पुसणार होते व्हय?"

"मला काय ठावं?"

"मला घरात का न्हाई बोललात मग?"

धोंडुबाईंनी आता मान वर केली. "तू सारं गाव पालथं घातलंस, पोरी. राजवर्धन आपल्या दारात चारदा आला. तू मत मागाय माझ्याकडं कवा आलीस?"

घागर भरून वाहू लागली, तरी तोटी बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मित्रांनो, माणसं मत कशी देतात, हे मला अजून पुरतं उमगलेलं नाही. धोंडुबाई वेड्या नव्हत्या. पाण्याची किंमत त्यांच्याएवढी कुणाला ठाऊक होती? पण त्यांचं दुखणं राजवर्धननं हेरलं आणि घरच्या माणसानं त्यांना गृहीत धरलं. कमान आता उभी राहिली आहे. पाइपलाइन नाही. माझी तोटी सायकलच्या ट्यूबनं बांधली आहे, टाकीला ठिगळं आहेत आणि तरी मी फेऱ्या मारतो आहे. मला रंग द्या, तोटी बदला, एवढं तर मी मागणारच. पण त्याआधी एक करा. तुमच्याच घरात, तुमच्याच चुलीशी जे माणूस बसलं आहे, त्याला काय जपायचं आहे ते विचारा. तुम्ही नाही विचारलं, तर दुसरं कुणीतरी येऊन विचारतं.