अनुमोदक पारूबाई

बोरकुंडी नगरपंचायतीत अनुमोदन द्यायला तोंड उघडावं लागत नाही. हजेरीवर सही केली की झालं, पुढचं हेडक्लार्क शिवमूर्ती बघतो. ठराव म्हटला की एक सूचक लागतो, म्हणजे तो मांडणारा, आणि एक अनुमोदक, म्हणजे त्याला दुजोरा देणारा. आता सतरापैकी निम्मे नगरसेवक चिवडा संपला की उठतात, उरलेले मोबाइलात डोकं घालून बसतात, मग विचारायचं कुणाला? म्हणून शिवमूर्तीनं हजेरीपटावरूनच पाळी लावलेली. पहिल्या ठरावाला पहिली दोन नावं, दुसऱ्याला पुढची दोन, आणि नावं संपली की परत वरून. बावीस वर्षं हे असं चाललंय आणि कुणाला म्हणून लाज वाटलेली नाही.

पारूबाई वॉर्ड सातची नगरसेविका. वॉर्ड बाईला राखीव सुटला तेव्हा ती उभी राहिली, ती नवऱ्याच्या नावावर नव्हे. चौदा वर्षं अंगणवाडीत खिचडी शिजवून अख्ख्या वॉर्डातल्या लेकरांना तिनं वाढलं होतं. बाकीच्या नगरसेविकांचे नवरे सभेत येऊन खुर्च्या अडवून बसत. तिचा नवरा भीमा म्हणाला, "निवडून तू आलीस, तूच जा. मला उदगीरच्या मोंढ्यात काम हाय."

यंदा पौषात वॉर्ड सातमध्ये कावीळ शिरली. एकोणीस लेकरं अंथरुणाला खिळली. त्यात पारूबाईची नात धम्मप्रिया, नऊ वर्षांची. बारा दिवस लातूरच्या दवाखान्यात काढून पोरगी घरी आली ती काडी होऊन. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाणी बदला. नाहीतर परत इथंच याल, आणि दुसऱ्यांदा मी काही सांगू शकत नाही."

बदलायचं म्हणजे काय करायचं? वॉर्डाचा पाइप नालीतून गेलेला, सांधे कुजलेले. नळ येतो आठ दिवसांनी. मधले सात दिवस रिकामा पाइप नालीचं पाणी ओढून घेतो आणि आठव्या दिवशी ते घराघरात पोचवतो. पारूबाईनं तीन अर्ज दिले. तिन्ही वेळा अध्यक्ष महादेवप्पांनी पान थुंकून एकच सांगितलं, "बाई, फंड न्हाई." फंड नव्हता, पण वेशीवर बावीस लाखांची स्वागत कमान उभी राहत होती. स्वागत कुणाचं करणार होते, डोंबल! गावात येणारा पाहुणासुद्धा घरून बाटली भरून आणतो.

फेब्रुवारीच्या सभेत महादेवप्पांनी एक कागद उंच धरला. वॉर्ड सातच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला होता, त्याचा अहवाल. पाणी पिण्यास उत्तम!

"बघा," महादेवप्पा म्हणाले, "कावीळ यांना भाईरचं खाऊन झाली. पाइप बदलायची गरजच न्हाई."

नमुने न्यायचं काम शिपाई विनोदचं. पारूबाईनं दाराशी उभ्या विनोदकडं बघितलं. विनोदनं मान खाली घातली. तिनं त्याला व्हरांड्यात गाठलं तसा तो भडाभडा बोलला. "मावशी, नमुना न्यायचा हुकूम मंगळवारी आला. तुमच्या वॉर्डाला पाणी शनिवारचं. नळाला टिपूस न्हाई, अन् साहेब म्हणले आजच पाठव. मग मी काय करू? हापिसातल्या जारमधून बाटली भरली."

अगं माय! ज्या नळाला पाणीच नव्हतं त्याचं पाणी उत्तम निघालं. आता त्याची प्रेसनोट गावभर जाणार, पेपरात महादेवप्पांचा फोटो येणार.

पारूबाई परत आत आली. ओरडावंसं वाटलं, पण ओरडलं तर विनोदची नोकरी जाणार आणि बाकीच्यांचं काहीच जाणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती उभी राहिली. "अध्यक्षांच्या परवानगीनं एक विषय हाय माझा. आमच्या लाइनीचं पाणी इतकं चांगलं हाय, तर हापिसात जार कशाला? म्हैन्याला नऊ हजार चाललेत. आमच्या लाइनीचं शेवटचं टोक हापिसातच हाय. तेच प्या, काटकसर होईल."

ऐकलं कुणी? एक जण फोनवर होता, दोघं चिवड्यातले शेंगदाणे निवडत होते. "मंजूर, मंजूर," असा नेहमीचा गलका झाला. काटकसर हा शब्द मात्र महादेवप्पांना फार आवडला. त्यांनी तोही पेपरात छापून आणला.

मग सुरू झाली मजा. शनिवारी नळ आला तेव्हा हापिसाची टाकी भरली आणि सोमवारपासून हापिसात तेच पाणी. बुधवारी चहाला वास आला. शुक्रवारी मुख्याधिकारी रजेवर गेले आणि महादेवप्पांची गाडी दिवसातून चारदा घराकडं पळायला लागली. चोरून जार आणावा तर पेपरचा बातमीदार पोरगा गेटसमोरच्या टपरीवर बसून मोजत होता. आणि जार परत आणायचा म्हणजे अहवाल खोटा म्हणायचं. मोठ्याच पेचात सापडले बिचारे!

नवव्या दिवशी तातडीची सभा लागली. बघा कमाल, फंड सापडला! कमानीवरचा कळस रद्द झाला आणि टाकीपासून थेट हापिसापर्यंत नवा पाइप मंजूर झाला. टाकी एका टोकाला, हापिस दुसऱ्या टोकाला, मध्ये वॉर्ड सातची गल्ली. पाइप गल्लीतूनच जाणार, पण गल्लीला मात्र जुनाच.

"अन् आमचं?" पारूबाईनं विचारलं.

"पुढच्या बजेटात बघू की," महादेवप्पा पोट धरून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती इतिवृत्त बघायला गेली आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली. नव्या पाइपाच्या ठरावाखाली लिहिलं होतं: अनुमोदक, पारूबाई.

"शिवमूर्ती, हे मी कवा म्हणले?"

"म्हणावं लागत नाही बाई," तो चष्मा पुसत म्हणाला. "पाळी तुमची होती."

लेकरं आमची मरायला टेकली आणि ह्यांच्या चहाच्या पाण्याला दुजोरा माझा! कागद फाडून त्याच्या तोंडावर फेकावा असं तिला वाटलं. फाडण्याआधी तिनं तो पुन्हा वाचला, मग तिसऱ्यांदा वाचला. शिवमूर्तीनं सवयीनं कुठल्यातरी जुन्या जलवाहिनीच्या ठरावाचा मजकूर जशाला तसा उतरवून वर नवं नाव आणि नवी तारीख टाकली होती. शेवटची ओळ अशी: 'व जलवाहिनीच्या मार्गातील सर्व नागरिकांना नळजोडणी देणे.' खाली अध्यक्षांची सही होती, सोबत हजेरीच्या सतरा सह्या होत्या, पण वाचलं एकानंही नव्हतं.

"मला ह्याची शिक्क्याची नक्कल पायजे," ती म्हणाली. नकलेची फी तिनं तिथंच भरली.

गल्लीत चर खोदायला कामाचा ठेका घेतलेला गुत्तेदार आला तेव्हा पारूबाई नक्कल घेऊन चराच्या कडेला उभी होती. मागं वॉर्डातल्या बायका.

"जोडण्या दे."

"कोण म्हणतंय?"

"ठराव म्हणतोय. हे वाच. अनुमोदक कोण हाय, तेबी वाच."

गुत्तेदारानं वाचलं, महादेवप्पांना फोन लावला, बराच वेळ नुसतं "हाव, हाव, पण सही तुमची हाय की साहेब" म्हणत राहिला, आणि मग मुकाट्यानं जोडण्या द्यायला लागला. चार दिवसांत एकसष्ट घरांना नवा नळ आला. धम्मप्रियानं तोटी उघडून पाण्याचा वास घेतला आणि आजीकडं बघून नुसती हसली. पारूबाईला रडू फुटलं, ते तिनं अडवलं नाही.

हे इथंच थांबलं असतं तर ती नगरपंचायत कसली? पुढच्या सभेत पहिलाच विषय आला: वॉर्ड सातला शुद्ध पाणी दिल्याबद्दल अध्यक्ष महादेवप्पांच्या अभिनंदनाचा ठराव. महादेवप्पा हार घालून घ्यायला मान वाकवून तयारच बसलेले. निर्लज्जपणाला काही सीमा!

शिवमूर्ती हळूच झुकून म्हणाला, "बाई, अनुमोदनाची पाळी तुमचीच आली."

"धम्मप्रियाचं नाव लिवा," पारूबाई म्हणाली.

"ती कोण?"

"माझी नात. बारा दिवस सलाइनवर होती."

"बाई, ती सदस्य नाही."

"मग कावीळ सदस्यांना झाली होती का?" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की फोनवाल्यानं फोन खाली ठेवला. "एकोणीस लेकरं हायत. एकेकाला बोलवा, इचारा. त्यातलं एक जरी हाव म्हणलं तरी त्याचं नाव लिवा. माझं लिवलं तर मी हितंच खोडीन."

शिवमूर्तीनं पेन उचललं, महादेवप्पांकडं बघितलं, मग पारूबाईकडं बघितलं आणि पेन खाली ठेवलं. हार टेबलावर पडून राहिला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या वहीत अनुमोदकाची जागा कोरी राहिली.