धोंडीराम तात्यांचं एका दिवसाचं लायसन

राजश्रीला हार मानायची सवयच नव्हती. पडली तरी गाडी धरूनच पडायची. दगडाधोंड्यांतून पाय न टेकता मोटारसायकल काढायची, ह्याला ट्रायल म्हणतात, आणि लिंबागणेशच्या माळावरची ट्रायल तिनंच उभी केली होती. तिथं वेगाचं काही काम नाही, तोल सांभाळायचा. पाय टेकला की एक गुण, पडलं की पाच, आणि ज्याचे गुण कमी तो जिंकला. उलटीच तऱ्हा!

यंदा मोटारसायकल संघटनेनं ट्रायलमध्ये उतरायच्या लायसनची फी वर्षाला दोन हजार केली आणि पोरं पांगली. उरले पाचजण. संघटनेचे सतीश सर शहरातून आले नि म्हणाले, "पाच जणांसाठी पंच कुठून आणू? आता ट्रायल शहरातच घेऊ."

राजश्रीचं डोकंच सटकलं. "भाव चढवायचा, अन् गिऱ्हाईक न्हाई म्हून दुकानच हलवायचं? एका दिवसाचं लायसन द्या, दोनशेला. वीस गाड्या उतरवून दाखवते. न्हाई उतरल्या तर खुशाल न्या."

सतीश सर हसत कबूल झाले. त्यांना वाटलं, पोरीला बोलायला काय जातंय.

आता वीस गाड्या म्हणजे काही खायचं काम नव्हे. माळापलीकडच्या वस्तीवरची माणसं रोज गाडीला दुधाचे कॅन लावून त्याच दगडांतून ये-जा करायची. पण विचारलं की म्हणायची, "जिथनं आमी रोज फुकट जातो, तिथं पैसे देऊन कावून जायचं गं?"

पण राजश्रीही इथलीच. माणूस पैसे द्यायला नाही म्हणेल, मानाला नाही म्हणणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक. भीमनगरातल्या घरातून निघाली ती थेट धोंडीराम तात्यांच्या ओट्यावर. तात्या म्हणजे वस्तीचे बडे जमीनदार. साठी उलटलेली, मिशीला पीळ आणि दारात जुनी राजदूत फटफटी.

"तात्या, पहिली गाडी काढायचा मान तुमचा. पण एका दिवसाचं लायसन लागतंय, दोनशेचं."

"काढतो की! मानापुढं दोनशे म्हंजी काय?"

झालं! तात्या उतरणार म्हटल्यावर त्यांचे पुतणे, सालगडी, दूधवाले, सगळ्यांनीच नावं दिली.

रविवारी वीस गाड्या रांगेत लागल्या. फेटा काढून हेल्मेट घालताना तात्या जरा कुरकुरले, तेवढंच. पहिल्याच दगडाला त्यांची गाडी कलली. पाय टेकला असता तर एकावर भागलं असतं. पण चारचौघांत पाय टेकतील ते तात्या कसले! गाडीसकट आडवे झाले.

पंच ओरडला, "पाच!"

तात्या धूळ झटकत उठले. "पाच मिळाले बे, पाच!" वस्तीनं शिट्ट्या मारल्या. मागं उभा असलेला पुतण्या सुग्रीव म्हणाला, "तात्या, मी बी जरा पडूनच घेतो."

सतीश सर राजश्रीच्या कानाशी लागले. "सांगू नकोस. तात्या बिघडले तर सगळे गाड्या वळवतील, आणि तुझी ट्रायल गेली."

खरंच होतं ते. पण असल्या फसवणुकीवर उभी राहिलेली ट्रायल तिला नको होती. ती सगळ्यांदेखत पुढं झाली.

"तात्या, इथं कमी गुणवाला जिंकतो. पाच म्हंजी सगळ्यात वाईट."

भीमनगरातल्या लेकीनं तात्यांना असं तोंडावर सांगितलेलं वस्तीनं कधी ऐकलं नव्हतं.

"म्हंजी मी शेवटचा?"

"सध्या तरी पहिले अन् शेवटचे तुमीच."

तात्यांनी तिच्याकडं पाहिलं, दगडाकडं पाहिलं आणि खदाखदा हसले. "लई खरं बोलतीस गं पोरी. हे समदे नुसतं वाहवा करत्यात." मग सतीश सरांकडं वळले. "ओ सायेब, ह्या दगडाला नमवल्याबिगर मी गप बसत न्हाई. माझं वरसाचंच लायसन काढा. अन् सुग्रीव, बघतो काय बे? काढ गाडी. मुद्दाम पडलास तर याद राख!"

सुग्रीवनं किक मारली, आणि सतीश सर वर्षाच्या लायसनचं पुस्तक आणायला पळाले.