पाडव्याचा पाट

"निजून ओवालून न्हाय घेनार मी," केसरीनाथ छताकडे बघत म्हणाला. "मना पाटावर बसव."

हौसा नुकतीच गोडाऊनमधून आली होती. दिवाळीच्या सेलची पार्सलं रात्रभर लावून तिच्या कंबरेचा काटा ढिला झाला होता. बाहेर बायका सूप बडवत "इडा पिडा जावो, बलीचा राज येवो" करत गल्लीतून फिरत होत्या. बळीचं राज्य यायचं तेव्हा येवो, आधी झोप येवो, एवढंच तिचं मागणं होतं.

"अवो, बसवेल का तुमाला? परवा पडलाव तवा शेजारची मानसां बोलवाया लागली."

"गेल्या पाडव्याला निजलेल्याला ओवाललास. शेजारची हेमाली काय बोलली, आयकला मी. 'मेलेल्यालाच निजवून दिवा दावतात,' बोलली."

हौसाही ते विसरली नव्हती. निजामपुऱ्यात लोकांचे कापड विणायचे लूम दुरुस्त करण्यात या माणसाचा जन्म उभ्यानं गेला. जेवायलाही तो धड टेकत नसे. आता उजवं अंग लुळं पडलं होतं आणि कूस बदलायलाही बायको लागत होती. पाडव्याला नवऱ्याला तेल लावून न्हाऊ घालायचं इतर बायकांना कोण कौतुक! हौसाला ते रोजचंच. ती कंटाळली होती, त्याला आणि स्वतःलाही, आणि हे कुणापाशी बोलायची सोय नव्हती.

तरी तिनं त्याला आंघोळ घातली, धुवट सदरा चढवला, निरांजन लावलं आणि काखेत हात घालून कसंबसं खाटेजवळच्या पाटावर उतरवलं. हात सोडला तसा तो उजवीकडे कलंडला. धरावं तर ताट उचलता येईना, ताट उचलावं तर नवरा पडतो.

शेवटी ती त्याच्या पाठीमागे फतकल मारून बसली. त्याची पाठ छातीशी घट्ट घेतली आणि दोन्ही बाजूंनी हात पुढे काढून ओवाळलं. कुंकू अंदाजानंच लावलं.

"भुवईला लावलास बग," तो वाकडं हसला.

"मना मागनं काय दिसतंय?" तिलाही हसू आलं. ताट खाली ठेवून तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "जरा दम घेते. मंग खाटेवर घालते तुमाला."

जाग आली तेव्हा निरांजन शांत झालं होतं आणि ऊन खाटेपर्यंत आलं होतं. ती दचकली. तिचे हात केव्हाच गळून मांडीवर पडले होते. केसरीनाथ मात्र पाटावर ताठ बसला होता. डाव्या हातानं त्यानं खाटेचा पाय आवळून धरला होता, शिरा टरारून फुगल्या होत्या, सदरा घामानं भिजला होता.

"अवो, हाक न्हाय मारायची?"

"मी हाय ना बसलेला," तो जड जिभेनं म्हणाला. "नीज तू."

त्याची बोटं सोडवायला तिनं हात पुढे केला, मग मागे घेतला. झोप पार उडाली होती. तरी तिनं पुन्हा त्याच्या पाठीवर डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले.