पायरीवरचा सडा

शेजारच्या मिसेस बूथ सकाळी अंधारात पडल्या तेव्हा मधुमतीबाई स्वयंपाकघरात खिचडीवर तूप वाढत होत्या. आधी धप्प असा आवाज आला, मग एक बारीक चिरकी हाक आली, आणि मग काहीच आलं नाही.

दार उघडून त्यांनी पाऊल बाहेर टाकलं मात्र, चप्पल सर्रकन पुढे गेली. चौकट हाताला लागली म्हणून वाचल्या, नाहीतर त्याही तिथेच आडव्या झाल्या असत्या. रस्त्यावरच्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात पायरीवर काच अंथरल्यासारखा बर्फ चमकत होता. त्या बर्फात त्यांनीच अर्ध्या तासापूर्वी काढलेलं आठ पाकळ्यांचं कमळ अडकून बसलं होतं, आणि कमळावर मिसेस बूथ पडल्या होत्या. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला, अंगाखाली काथ्याचं पायपुसणं. म्हातारी ओरडत नव्हती, नुसती वर बघत होती.

यतीनला, म्हणजे मुलाला, हाक मारायला हवी, फोन करायला हवा, पांघरूण आणायला हवं, हे सगळं मधुमतीबाईंना कळत होतं. पण डोक्यात एकच वाक्य घण घातल्यासारखं आपटत होतं. हे पाणी मी टाकलंय.

आता हे पाणी तिथे का टाकलं, ते सांगायला हवं.

मधुमतीबाई नागपूरच्या. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, आणि स्वभावाने अशा की रडणारं माणूस समोर दिसलं की त्यांना गप्प बसवत नसे. दोन हजार नऊच्या नोव्हेंबरात त्या सहा महिन्यांसाठी लीड्सला यतीनकडे आल्या आणि बघतात तो काय, सून अक्षया कोमेजलेली. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार, चार वाजता दिवस संपलेला. शनिवार-रविवारी पोरगी पडदे ओढून पांघरुणात. यतीन म्हणाला, आई, इथे विंटरमध्ये सगळ्यांचं असंच होतं. बाईंना हे पटणं शक्यच नव्हतं. थंडी अंगाला लागते, ती मनाला लावून घ्यायचं कारण काय, असं त्यांचं म्हणणं.

डिसेंबरच्या मध्याला धुंधुरमास लागला आणि बाईंनी कंबर कसली. धुंधुरमासात सूर्य उगवायच्या आत नैवेद्य दाखवून जेवायचं असतं. नागपुरात त्यासाठी चारला उठावं लागे. इथला सूर्य इतका आळशी की सव्वाआठपर्यंत त्याचा पत्ता नसे. तेव्हा रोज सातला दारात सडा, सड्यावर रांगोळी आणि मग मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी. पहिल्या दिवशी अक्षया डोळे चोळत खाली आली आणि म्हणाली, "आई, तुम्ही पण ना." पण दोनदा वाढून घेतलं. चौथ्या दिवशी ती हाक न मारता उठली. आठव्या दिवशी रांगोळीत रंग भरायला बसली. बाईंना आभाळ ठेंगणं झालं.

नेमकी त्याच आठवड्यात थंडी पडली ती अशी की इथल्या जुन्या माणसांनीही तोंडात बोटं घालावीत. रस्ते पांढरे, गाड्या गोठलेल्या, गल्लीत प्रत्येकाच्या दारात निसरडं. मधुमतीबाईंचं दार मात्र ओलं आणि मोकळं. त्यांनी याचं कारणही शोधून काढलं होतं. त्या कोमट पाण्याचा सडा टाकत. कोमट पाण्याने दगड तापतो आणि बर्फ धरत नाही, असं त्यांनी यतीनला समजावलं, नागपूरला फोनवर बहिणीला सांगितलं आणि शेजारच्या मिसेस बूथनाही सांगितलं. मिसेस बूथ मान हलवून म्हणाल्या, असेल बाई, असेल.

या मिसेस बूथ, एडना, ब्याऐंशी वर्षांच्या. दोन्ही घरांची दारं एकमेकांना खेटून, आणि दोन्हींत मिळून एकच लांबलचक दगडी पायरी. बाई आल्या त्याच आठवड्यात एडनांनी आपले जुने बूट आणून दिले आणि पायांत मोजे एकावर एक कसे घालायचे ते दाखवलं. बाई त्यांना वाटीभर खिचडी देत, एडना चहा पाजत. बाईंचं इंग्रजी शाळामास्तरणीचं, एडनाचं यॉर्कशायरच्या गावठी ठसक्याचं. निम्मं कळे, निम्मं हातवाऱ्यांवर भागे. एक गोष्ट मात्र बाईंना पूर्ण कळली होती. एडनाचा मुलगा कॉलिन लांब, लंडनजवळ क्रॉयडनला असे. वर्षापूर्वी एडना न्हाणीघरात पडल्या होत्या, तेव्हा त्याने बजावलं होतं की आणखी एकदा पडलीस तर घर विकायचं आणि क्रॉयडनच्या वृद्धाश्रमात यायचं. "छपन्न वर्षं या घरात आहे मी," एडना म्हणाल्या होत्या. "तिथे नेलं तर महिनाभर टिकणार नाही."

आणि नाताळ उलटून चार दिवस होताहेत तोच त्या पडल्या, आणि त्याही मधुमतीबाईंच्या सड्यावर.

अॅम्ब्युलन्समधल्या मुलीने पायरी बघून नुसती मान हलवली. रात्रीपासून ही पाचवी केस, म्हणाली; ही थंडी माणसं मोडणार आहे. स्ट्रेचर उचलताना कमळ पुसलं गेलं. गल्लीतल्या लोकांनीही थंडीलाच शिव्या घातल्या. मधुमतीबाईंकडे कुणी बघितलंदेखील नाही, आणि तेच त्यांना सोसेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे तर लख्ख ऊन पडलं होतं.

संध्याकाळी त्यांनी यतीनला सांगून टाकलं. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला.

"आई, प्लीज, हे बाहेर कुणाला बोलू नकोस. इथे लोक पायरीवरून पडले तरी सॉलिसिटर गाठून दावा ठोकतात. मार्चमध्ये माझा परमनंट रेसिडन्सीचा अर्ज जायचाय. कशाला उगीच काँप्लिकेशन?"

तेरा दिवस काही झालं नाही मग आजच कसं, असं बाईंनी विचारलं. आज उणे नऊ होतं, यतीन म्हणाला. अक्षयाने सासूच्या पुढ्यातलं निवलेलं ताट उचललं. त्या रात्री बाईंना झोप अशी लागलीच नाही. पाणी शून्याला गोठतं हे त्यांनी एकतीस वर्षं सहावीच्या पोरांना शिकवलं होतं, उत्तर न आलेल्यांना उभं केलं होतं, आणि स्वतः रोज सकाळी बादलीभर पाणी दगडावर ओतत होत्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, पण त्या मारुतीने एका म्हातारीचा पाय मोडला होता. त्यांना स्वतःची अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी यतीन आणि अक्षया कामावर गेल्यावर त्यांनी एडनाचेच बूट चढवले आणि एकटीने बस पकडून हॉस्पिटल गाठलं. बर्फातून स्टॉपपर्यंतची दहा मिनिटं त्या पाठ केलेलं वाक्य घोळवत होत्या. मी पाणी टाकलं, ते गोठलं, तुम्ही माझ्यामुळे पडलात, मला क्षमा करा.

खुब्याचं ऑपरेशन झालेलं. एडना उशीला टेकून बसल्या होत्या, अर्ध्या झालेल्या. बाईंनी खुर्चीत न बसता उभ्याउभ्याच वाक्य म्हणून टाकलं, एकही शब्द न चुकता. एडनांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी रोज बघत होते."

बाईंना वाटलं, आपल्याला नीट कळलं नाही.

"खिडकीतून. तू पाणी टाकायचीस, चित्र काढायचीस आणि आत जायचीस. मी पाच मिनिटं चित्र बघायची. मग बाहेर येऊन मीठ टाकायची, नाहीतर तुझी सून सकाळी कामाला जाताना पडली असती. मिठाने बर्फ वितळतो. चित्र पण वितळायचं, त्याचं वाईट वाटायचं."

मधुमतीबाई खुर्चीत बसल्या. तेरा दिवस. कोमट पाणी, तापलेला दगड, बहिणीला केलेला फोन. आपला उत्साह थंडीला पुरून उरला असं त्या समजत होत्या, आणि त्यांच्या मागोमाग रोज अंधारात एक ब्याऐंशी वर्षांची बाई त्यांची चूक निस्तरत होती.

"त्या दिवशी मीठ संपलं होतं," एडना म्हणाल्या. "दुकानातही मिळेना. म्हटलं, निदान पायपुसणं तरी टाकावं."

"पण मला सांगायचं ना. एका शब्दाने सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस." एडनांनी पांघरूण सारखं केलं. "माझा नवरा, फ्रँक, जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून एकाही हिवाळ्यात मला सकाळी उठावंसं वाटलेलं नाही. या वर्षी सहालाच उठून बसायची. आज काय काढते बघू, म्हणून."

बाईंना हुंदका आला. इतक्या मोठ्या दालनात, अनोळखी माणसांसमोर, पदराने तोंड दाबून त्या रडल्या. त्यांना क्षमा हवी होती. हे त्यांच्या ओंजळीत मावणारं नव्हतं.

एडनांनी त्यांचं मनगट धरलं. कॉलिन येतोय, त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, बर्फामुळे गाडी दोन तास लेट आहे. मी अंधारात मीठ टाकत फिरते हे त्याला कळता कामा नये. आधीच तो म्हणतोय, पाय चालत नाहीत, डोकंही चालेनासं झालंय, आता बास. हे कळलं तर मी घरी जात नाही. बाईंनी मान हलवली. गप्प बसायचं, एवढंच मागणं होतं.

कॉलिन आला तो ओल्या कोटानेच. साठीचा, थकलेला, वाईट नसलेला माणूस. आईच्या कपाळावर ओठ टेकवून त्याने मधुमतीबाईंशी हात मिळवला, आल्याबद्दल आभार मानले, आणि मग खुर्ची ओढून तेच सुरू केलं. आई, हे दुसऱ्यांदा झालं. स्वतःच्या दारात, स्वतःच्या पायपुसण्याला अडखळून. तिथे खोली मोकळी आहे, मी सोमवारी सह्या करतो. एडना भिंतीकडे बघत राहिल्या. बोलणार तरी काय होत्या?

यतीनचा मार्चमधला अर्ज मधुमतीबाईंना आठवला नाही असं नाही. चांगला आठवला. पण त्या उठून उभ्या राहिल्या.

"तुमच्या आई अडखळल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "मी पायरीवर पाणी ओतलं होतं. त्याचा बर्फ झाला. तुम्ही असता तर तुम्हीही पडला असता."

कॉलिनला ते कळायला वेळ लागला. "पाणी? सांडलं?"

"सांडलं नाही. ओतलं. आमच्याकडे सकाळी ओततात."

"उणे नऊमध्ये?"

"हो. रोज ओतत होते."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि मग लाल झाला. इतका वेळ सभ्य असलेला माणूस आवाज न चढवता म्हणाला, तुम्ही तिला मारून टाकलं असतं, कळतंय का तुम्हाला? बाई हो म्हणाल्या. त्याने यतीनचं नाव विचारलं, फोन नंबर विचारला, आणि बाईंनी दोन्ही सावकाश सांगितलं. मग तो आईकडे वळला.

"आई, ही रोज पाणी ओतते हे तुला माहीत होतं?"

एडनांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या निळ्या, म्हाताऱ्या डोळ्यांत पाणी आलं, पण नजर हलली नाही.

"मला काही कल्पना नव्हती, कॉलिन," एडना म्हणाल्या. "मी आपली पायपुसणं झटकायला बाहेर आले. मला काय माहीत, कुणी असला वेडेपणा करेल."

बाईंच्या कानात ते शब्द चपराकीसारखे बसले. त्यांनी मान खाली घातली आणि दुसऱ्यांदा क्षमा मागितली, या वेळी कॉलिनची.

कॉलिनने खिशातून घडी केलेले वृद्धाश्रमाचे कागद काढून ते नुसतेच हातात धरले होते. शेवटी तो म्हणाला, म्हणजे तिच्या पायांचा दोष नव्हता तर. मग तो थकल्यासारखा उठला, नर्सला गाठून त्याने विचारलं, आई जिना चढायला लागायला किती आठवडे लागतील, आणि घरी कुणी मदतीला येऊ शकतं का. दारातून वळून त्याने मधुमतीबाईंना सांगितलं की तुम्ही आता निघालात तर बरं, आणि यापुढे आईपासून लांब राहा.

"राहीन," मधुमतीबाई म्हणाल्या, आणि एडनाकडे न बघता त्यांनी आपली शाल उचलली.