शिंप्याने आधीच शिवलेला कोट

या मायबाप, जरा पुढे सरकून बसा. तिथून आवाज पोचेल, पण गोष्ट पोचायची नाही. देवाने ज्याचं त्याचं माप ज्याच्या त्याच्याजवळ दिलंय, आणि एक भला शिंपी लेकीचं माप स्वतःच बेतायला बसला. त्याच्या घरातली ही हकीकत.

लेक पाच वर्षांची असतानाच त्याने दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहिलं, 'आमची मुलगी डॉक्टर होणार.' अक्षरं पुसट झाली की पुन्हा गिरवायचा. वाईट नव्हता हो माणूस! स्वतः विरलेला सदरा घालून लेकीला पुस्तकं आणायचा. पण प्रवेशपरीक्षेच्या निकालाला आठवडा असतानाच त्याने पांढरा कोट शिवून दुकानाच्या दारात टांगला. गल्ली तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणू लागली.

निकाल लागला. पोर नापास.

"कुणाला सांगायचं नाही," बाप म्हणाला. "पुढच्या वर्षी पास होशीलच. तोवर रोज सकाळी कोट घालून बाहेर पडायचं."

"पण बाबा, जायचं कुठे?"

"कुठेही जा. गल्लीत माझं नाक कापू नकोस म्हणजे झालं."

आई भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही.

पुढच्या वर्षी नापास. त्याच्या पुढच्याही. तीन वर्षं ती रोज आठच्या बसने निघायची, वाचनालयाच्या कोपऱ्यात बसायची, पाचला परत यायची. घरात तो विषयच बंद झाला.

समोर इस्त्रीवाली मावशी राहायची. कोटाला फुकट कडक इस्त्री करून द्यायची, वर चिडवायची, "काय गं डॉक्टरीण, माझ्या गुडघ्यांना औषध कधी देतेस? मी वर गेल्यावर?" पोर हसायची, आणि घरी येऊन मोरीत तोंड धुवत बसायची.

एका संध्याकाळी मावशीच्या छातीत कळ आली. अंग घामाने निथळलं. शेजाऱ्याने गाडी काढली, तोवर मावशीची मुलगी शिंप्याच्या दारात धावली.

"ताई, आईला बघ गं!"

"दवाखान्यात न्या, लगेच..." पोर म्हणाली.

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. बापाने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आधी आमची बघेल. समोर डॉक्टर असताना दवाखाना कशाला? जा, नाडी बघ."

ती गेली. मनगट धरलं. ठोके किती असायला हवेत, तिला ठाऊक नव्हतं.

"आलीस?" मावशी म्हणाली. "आता मला भीती नाही."

ते ऐकून शेजाऱ्याने गाडी बंद केली.

मायबाप, वीस मिनिटं गेली. मावशीचे ओठ निळे पडले, तेव्हा पोर किंचाळली, "मी डॉक्टर नाही! मी कॉलेजची पायरीसुद्धा चढले नाही! गाडी काढा!"

गाडी निघाली. मावशी वाटेतच गेली.

दुसऱ्या दिवशी बाप हलक्या आवाजात म्हणाला, "झालं ते झालं. दुसरीकडे खोली बघू. तिथे आपल्याला कोण ओळखतंय? या वर्षी अभ्यास कर, नक्की पास होशील."

"नाही बाबा," पोर म्हणाली. बापाला नाही म्हणायची तिची ही पहिलीच वेळ. "मी समोर जातेय. सगळं सांगायला."

"वेडी आहेस का? चामडी सोलतील तुझी!"

"सोलू देत."

ती समोरच्या दारात उभी राहिली. निकालापासून सगळं सांगितलं, एकही वर्ष न गाळता. मावशीच्या मुलीने तिला 'आत ये, बस' म्हटलं नाही.

"वीस मिनिटं तू नुसती हात धरून बसलीस."

"हो."

मग मुलगी म्हणाली, "तू ओरडलीस ते आईने ऐकलं होतं. गाडीत एवढंच बोलली, 'त्या पोरीला घरी मारू नका म्हणावं.'"

पोर तिथेच उंबऱ्यावर खाली बसली.

मायबाप, लेकरांसाठी मोठं ठरवा, त्यात पाप नाही. पण हरलेल्या लेकराला हरलो म्हणायची सोय आपल्या घरात आहे का, ते बघा. आणि आज देवापुढे हात जोडाल तेव्हा क्षणभर त्या इस्त्रीवाल्या मावशीची आठवण काढा. स्वतःचा श्वास संपत असताना तिला दुसऱ्याच्या लेकीची काळजी होती.