अकरा किलो कमी

मी झाडांची वजनं काढते. खरं वजन कळायचं तर झाड तोडून तराजूत घालावं लागतं, म्हणून आम्ही अंदाजावर भागवतो. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर टेपनं मोजायचा, झाडाची उंची आणि जात लिहायची, की सूत्रातून आत किती किलो कार्बन साठलाय ते निघतं. आता छाती कोणाची? तर मोजणाऱ्याची. गोम तिथेच होती.

आमच्या कार्यालयात सगळ्यांत उंच मी. माझ्या जोडीचा मोजणीदार म्हणजे वामनमूर्ती. झाड खाली जाड असतं, त्यामुळे त्यानं मोजलेलं प्रत्येक झाड माझ्यापेक्षा गुटगुटीत भरायचं. जास्त कार्बन म्हणून साहेब खूश. "ह्यांच्या हाताला गुण आहे," म्हणायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी मी तीन पानी अर्ज ठोकला. सगळ्यांनी एक मीटर सदतीस सेंटिमीटरची काठी वापरावी, काठीशिवायची मोजणी रद्द धरावी. अर्ज चक्क मंजूर झाला. मी स्वतः काठ्या रंगवून वाटल्या, आणि त्याच्या हातात देताना जरा जास्तच गोड हसले.

महिन्याभरात रस्ता रुंद करायचं निघालं. हजार किलो कार्बन साठवलेली झाडं राखायची, बाकीची तोडायची. त्या रस्त्यावर एक झाड बाबांचं होतं. मालकीचं नव्हे; त्याच्याखाली हत्यारं मांडून ते चाळीस वर्षं लोकांचे बूट शिवत आलेत. माझ्या शाळेची फी त्याच सावलीतून निघाली. आता या वयात दुसरी जागा त्यांना कोण देणार?

मोजायला गेलो आम्ही दोघंच. त्यानं काठी खोडाला सरळ लावली, मी टेप गुंडाळला. तीनदा मोजलं, सूत्रातून तिन्ही वेळा नऊशे एकोणनव्वद किलो.

मी इकडे तिकडे पाहिलं. "काठी जरा बाजूला ठेवा," मी हळूच म्हणाले. "तुमच्या जुन्या पद्धतीनं घ्या ना."

तो ओशाळला. "ताई, तशी मोजणी रद्द होते. तुमचाच नियम आहे. आणि खरं सांगू का, तुमचं म्हणणं मला पटलं. माझी आधीची मापं चुकीचीच होती."

एवढ्या वर्षांत कार्यालयात माझं म्हणणं पहिल्यांदाच कोणाला तरी मनापासून पटलं होतं, आणि मुहूर्त हा. मी स्वतःच पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही मापात. मला रडूच आलं.

बाबांनी हातातला बूट खाली ठेवला. "किती कमी पडतंय गं?"

"अकरा किलो."

"एवढंच ना? मग मलाही धर की त्यात. चाळीस वर्षं इथंच तर रुजलोय. पन्नास किलो तरी भरेन."

वामनमूर्ती मान खाली घालून टेप गुंडाळत राहिला. मी मात्र सवयीनं हिशोब केलाच. माणसाच्या वजनात कार्बन साधारण अठरा टक्के. बाबा पन्नास किलो, म्हणजे नऊ.

बाबांना धरूनही दोन किलो कमीच पडत होते.